थकबाकी लहान असतानाच का सांगत नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात शहराच्या पानावर बातमी होती, पालिकेच्या चाळीतल्या भाडं थकवणाऱ्यांवर कारवाई होणार, खोल्यांना सील लागणार म्हणून. बातमीत "भाडं बुडवणारे" असा शब्द होता. मी त्याच चाळीत राहते, आणि १९ महिने माझं पण भाडं थकलेलं होतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. शब्द मनाला लागला हे खरं आहे पण तेवढ्यासाठी लिहीत नाहीये. थकबाकी होते कशी, फुगते कशी आणि त्यातून निघायचं कसं हे सगळं मी दोन वर्षांत पाहिलंय, ते आमच्यासारख्या बाकीच्या लोकांना कळावं आणि पालिकेतल्या साहेब लोकांनी पण एकदा आमच्या बाजूनं वाचावं असं वाटतं. गावाचं आणि पालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खान्देशातलं कोणतंही गाव धरा, चाळी सगळीकडे सारख्याच आहेत.

आमची चाळ नगरपालिका होती तेव्हाची. पुढे मागे दोन खोल्या, मधे लाकडी दरवाजा, पुढे ओटा, वर पत्रे. मे महिन्यात पत्रा असा तापतो की दुपारी घरात बसवत नाही, सगळ्या बायका निंबाच्या झाडाखाली मशीन नाहीतर निवडायचं धान्य घेऊन बसतात. सासरे असल्यापासून खोली आमच्या नावावर आहे. भाडं ६०० रुपये. मिस्टर ट्रकवर ड्रायव्हर, सावद्याहून केळी भरायची आणि दिल्लीकडे घेऊन जायची, ट्रिपवरून आले की दहा तारखेच्या आत पालिकेत जाऊन भाडं भरायचे, पावती आणून मिठाईच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. सासऱ्यांनी लावलेली सवय होती. पावती सांभाळ, ती पण एक कमाईच आहे असं ते म्हणायचे. तेव्हा आम्हाला वाटायचं म्हातारं माणूस आहे, बोलतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये मिस्टरांचा अपघात झाला, पायात रॉड टाकला, आठ महिने घरी, नंतर पण लांबची ट्रिप जमेना. गाडी मालकानं सुरुवातीला थोडेफार दिले मग फोन उचलणं बंद केलं. घर माझ्या मशीनवर आलं. पिको, फॉल, ब्लाउज, लग्नसराईत बरं चालतं, पितृपक्षात काहीच नाही. आता मला सांगा, हातात महिन्याला सात आठ हजार येतात तेव्हा बाई आधी काय भरते? किराणा. मग बचत गटाचा हप्ता, कारण गटाच्या ताई दर मंगळवारी ओट्यावर येऊन बसतात आणि दहा बायकांसमोर नाही म्हणता येत नाही. मग लाइट बिल, कारण नाही भरलं तर वायरमन येऊन कापून जातो. मग पोराची फी, कारण वर्गात नाव घेतात. आणि भाडं? भाडं मागायला कोणी येतच नाही. बिल येत नाही, मेसेज येत नाही, माणूस येत नाही. बुडवायचं मनात नसतं हो, पण जे मागत नाही ते मागे राहतं, प्रत्येक गरीब घरात असंच होतं. पुढच्या महिन्यात दोन्ही भरू म्हणत म्हणत सप्टेंबर २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत १९ महिने कधी झाले ते मलाच कळलं नाही.

या १९ महिन्यांत पालिकेकडून किती कागद आले? एक. मार्च २०२३ मध्ये, मार्च एंडच्या वसुलीच्या टायमाला, एक छापील चिठ्ठी ज्यावर आकडा पेनानं लिहिलेला होता, ती पण शेजारच्यांकडे देऊन गेले. मी ती वाचली आणि मशीनच्या खणात बॉबिन आणि खडूच्या खाली सरकवून दिली. मिस्टरांना सांगितलं नाही, त्यांचा पाय तेव्हा नीट टेकत नव्हता, त्यात हे कुठं सांगू असं वाटलं. रोज तो खण उघडायचे, बॉबिन काढायचे, कागदाचा कोपरा दिसायचा आणि पोटात कसंतरी व्हायचं. एक वर्ष तो कागद तिथंच होता. ही माझी चूक आहे आणि मी ती उघडपणे लिहिते कारण आमच्या चाळीत अशा चिठ्ठ्या कोणाच्या गादीखाली आहेत, कोणाच्या देवघरात आहेत, कोणाच्या पिठाच्या डब्यामागे आहेत ते मला माहिती आहे.

मग एप्रिल २०२४ मध्ये दाराला नोटीस चिकटवली. महानगरपालिका अधिनियम कलम ८१ ब, थकबाकी ४१,२५० रुपये, खोली खाली का करून घेऊ नये याचा खुलासा करा. दारावर! येणारा जाणारा वाचतोय. सासूबाईंना वाचता येत नाही पण दारावर चिकटवलेला सरकारी कागद काय असतो ते त्यांना बरोबर कळतं. त्यांनी मला आत बोलावलं, मी रडत होते, खणातला जुना कागद पण काढून दाखवला. त्या म्हणाल्या, "अवं माय, कागद दपाडीसन कर्ज कमी व्हस का?" म्हणजे कागद लपवून कर्ज कमी होतं का, आणि डबा माझ्या हातात दिला, पावत्यांचा. म्हणाल्या उद्या जा.

मी गेले. पालिकेत त्या खिडकीवर जे लिपिक भाऊ बसतात त्यांच्याकडे तीन टेबलांचं काम आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून त्यांच्यावर राग काढायचा नाही असं मी ठरवूनच गेले होते. मी म्हटलं भाऊ, १९ महिने मी भरले नाहीत हे मला मान्य आहे, पण ६०० नं १९ महिने म्हणजे ११,४०० होतात, हे ४१ हजार कुठून आले? त्यांनी मागणी रजिस्टर काढलं. जाड, कोपरे झिजलेलं, आमच्या खोलीचं पान उघडलं. आणि तिथं मी पहिल्यांदा पाहिलं की एप्रिल २०१९ पासून आमच्या खोलीचं भाडं ९०० लावलेलं आहे. अपघात होईपर्यंत आम्ही ६०० भरतोय, ते ६०० घेतायत, पावती ६०० ची देतायत, आणि रजिस्टरमध्ये दर महिन्याला ३०० मागे पडतायत आणि त्याच्यावर शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, चढतेय. एकदाही कोणी खिडकीवर म्हटलं नाही की वहिनी भाडं वाढलंय. पुढे बघितलं तर जून ते सप्टेंबर २०२०, लॉकडाऊन नंतर मिस्टरांनी चार महिन्यांचे २,४०० एकदम भरले होते, त्याची पावती डब्यात होती, पण रजिस्टरला त्या चार रकान्यांत शून्य. आमची खोली ७१. लिपिक भाऊंनी स्वतःहून पानं उलटली आणि १७ नंबरच्या खोलीला ते २,४०० जमा दिसले. ७१ चे १७ झाले होते. त्यांनी पेन्सिलीनं तिथं गोल केला. तो गोल मी अजून विसरले नाही, कारण ती पावती त्या डब्यात नसती तर मी काय दाखवणार होते?

म्हणजे हिशेब असा होता बघा. न भरलेले १९ महिने आणि चुकून दुसरीकडे गेलेले ४, असे २३ महिने ९०० नं २०,७००. बाकीच्या ३७ महिन्यांचा ३०० नं फरक ११,१००. झाले ३१,८००. वरून शास्ती ९,४५०. यातले माझ्या हातून थकलेले फक्त ११,४००, आणि मला जी गोष्ट माहितीच नव्हती तिचे बाकी सगळे. शेजारच्या चार जणींचे कागद नंतर बघितले, सगळ्यांचं हेच. प्रत्येकीला वाटत होतं मी एकटीच अशी निघाले.

मला कोणीतरी सांगितलं की जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं बाईमाणसाला फुकट वकील मिळतो. मला खरं वाटलं नाही पण खरंच आहे, १९८७ चा कायदा आहे, बाईला उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती जमातीच्या माणसाला पण नाही. तिथल्या वकील मॅडमनी जे समजावून सांगितलं ते मी सगळ्या चाळीला सांगत असते, आता तुमच्यामार्फत सगळ्यांना सांगते.

खासगी घरमालकाच्या घरात राहणारा भाडेकरू आणि आम्ही, यांच्यात कायद्यानं जमीन अस्मानाचा फरक आहे. खासगी भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे. त्याचं भाडं थकलं तर मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते, ९० दिवस थांबावं लागतं मग दावा, आणि दाव्याचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्यानं थकलेलं भाडं १५ टक्के सरळ व्याजानं आणि खर्चासकट कोर्टात भरलं तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. पण त्याच कायद्याच्या सुरुवातीलाच, कलम ३ मध्ये, लिहिलंय की सरकारच्या आणि स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागेला हा कायदा लागू नाही. म्हणजे आम्हाला नाही. आमच्यासाठी ८१ ब, त्यात दोन महिन्यांपेक्षा जास्त भाडं थकलं की आयुक्त खाली करायचा आदेश काढू शकतात, कोर्टात दावा लावायची गरज नाही. ज्या माणसाला खासगी घर परवडत नाही म्हणून तो पालिकेच्या खोलीत राहतो, त्याच्यावरच कमी दया. हे मला आजपण पटत नाही आणि आमदार खासदारांनी याच्याकडे बघावं असं मला मनापासून वाटतं.

पण त्याच कायद्यात आपल्या बाजूचं पण थोडं आहे आणि ते कोणाला माहिती नसतं. आदेश काढण्याआधी कारण सांगून नोटीस द्यावी लागते आणि आपलं म्हणणं, आपले पुरावे मांडायची संधी द्यावी लागते. आदेश निघाला तरी एका महिन्यात, किंवा आयुक्त वाढवून देतील त्या मुदतीत, थकबाकी भरली तर आदेश रद्द होतो. आणि आदेशाच्या विरुद्ध जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येतं, त्याला पण एक महिन्याचीच मुदत आहे. म्हणजे सगळा खेळ त्या महिन्याचा असतो. आणि तोच महिना आपण कागद लपवण्यात घालवतो.

मॅडमनी माझ्याकडून दोन अर्ज करून घेतले. एक नोटिशीचा खुलासा, आवक खिडकीवर शिक्का मारून पोच घेतली, तोंडी काही नाही. दुसरा माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, की आमच्या खोलीचा २०१९ पासूनचा खातेउतारा द्या, भाडेवाढीच्या ठरावाची नक्कल द्या आणि ती वाढ भाडेकरूला कळवल्याची पोच द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मधे लोकसभेची आचारसंहिता होती, अर्धं ऑफिस इलेक्शन ड्युटीवर, त्यामुळे सुनावणी जूनवर गेली आणि तेवढ्यात उत्तर पण आलं. खातेउतारा मिळाला, ठराव मिळाला, कळवल्याची पोच मात्र "अभिलेखात आढळून आली नाही".

सुनावणीला मी हातात डबा घेऊन गेले. साहेब चांगले होते, हे पण लिहिते. २,४०० लगेच मान्य केले, समोरच १७ आणि ७१ ची पानं मागवली. भाडेवाढ ठरावाप्रमाणे आहे ती रद्द करता येणार नाही म्हणाले. मग मॅडमनी मुद्दा काढला की भाड्याच्या वसुलीला मुदतीच्या कायद्यात तीन वर्षं आहेत, आणि १९७६ साली दिल्लीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की मुदत गेलेलं भाडं असल्या सरकारी जागेच्या कायद्याखाली पण वसूल करता येत नाही. तो कायदा वेगळा आहे, पण मुद्दा मांडता येतो. थोडी चर्चा झाली आणि पहिल्या दोन वर्षांचा फरक, २४ महिन्यांचे ७,२००, त्यांनी काढून टाकले. शास्ती परत मोजली, ७,८०० झाली. राहिले बरोबर ३०,०००. ६,००० आधी भरले, गटातून उचलून, आणि २४,००० चे १६ हप्ते १,५०० नं. चालू भाडं ९०० धरून महिन्याला २,४००. जड जातं, खोटं बोलणार नाही, पण आकडा माहिती असला की माणूस त्याप्रमाणे शिवतो, रात्री दोन ब्लाउज जास्त करतो. मिस्टर आता गावातल्या गावात छोटा हत्ती चालवतात. १४ हप्ते झाले, २ राहिले.

ज्यांच्या घरी आत्ता नोटीस आली आहे त्यांना माझ्या अनुभवावरून दोन तीन गोष्टी कळकळीनं सांगते. भाडं भरताना चलनावर स्वतःच्या हातानं लिहा की हे अमुक महिन्याचं चालू भाडं आहे. करार कायद्यात आहे की पैसे देणाऱ्यानं कशापोटी देतोय ते सांगितलं आणि समोरच्यानं ते घेतले तर त्याच खात्यात घालावे लागतात, पण आपण काहीच सांगितलं नाही तर घेणारा ते कोणत्याही जुन्या बाकीत घालू शकतो, मुदत गेलेल्या बाकीत सुद्धा. मग आपण दर महिन्याला भरतोय आणि रजिस्टरला चालू महिना परत थकलेलाच. आणि हप्ते पाडून घेताना हमीपत्र देतात ना सहीला, त्यात आकडा असतो. तो आकडा आधी तपासा, खातेउतारा शेजारी ठेवून. आमच्या चाळीतल्या एका मावशींनी घाबरून ५०० च्या स्टॅम्पवर पूर्ण रकमेला सही करून दिली, आता त्यांचा जुना फरक पण त्यांनी कबूल केल्यासारखा झाला, सुटायचा मार्ग बंद. लोकअदालतीचं पण तेच. चांगली सोय आहे, फी लागत नाही, शास्तीत सूट मिळते कधी कधी, पण तिथं जे मिटतं त्याच्यावर अपील नसतं, म्हणून हिशेब करून जायचं, गर्दीत ढकलले गेलो म्हणून सही करायची नाही. आणि सगळ्यात आधी, एक महिना चुकला की त्याच महिन्यात जाऊन अर्ज द्या. आजारपण असेल तर दवाखान्याचा कागद जोडा. दोनशे भरा, शंभर भरा, पण पावती घ्या. १९ महिन्यांत मी महिन्याला शंभर जरी टाकले असते तरी कोणी मला बुडवी म्हटलं नसतं, आणि मला त्या खणाकडे बघायची भीती वाटली नसती.

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला नर्स आहे. तिच्या शेजारची बाई कौन्सिलच्या घरात राहते, कौन्सिल म्हणजे तिकडची पालिका. तिचं पण भाडं थकलेलं होतं. मी भाचीला खोदून खोदून विचारलं की तिकडे काय करतात. तिकडे म्हणे कोर्टात जाण्याआधी कौन्सिलनं काय काय करायचं ते ठरवून दिलेलं आहे. भाडं मागे पडायला लागलं की लगेच त्या माणसाशी बोलायचं, त्याची आवक जावक बघायची, त्याला झेपेल असा हप्ता ठरवायचा, सरकारी मदत मिळण्यासारखी असेल तर अर्ज करायला मदत करायची, आणि तो ठरलेले हप्ते भरतोय तोवर कोर्टात जायचं नाही. नोटीस कमीत कमी चार आठवड्यांची. पुढे कोर्टानं ताबा द्यायचा हुकूम केला तरी तो लांबणीवर ठेवता येतो, म्हणजे तुम्ही भाडं आणि थोडी थोडी बाकी भरत रहा, घर तुमचंच. मे २०२१ पासून कर्जात बुडालेल्या माणसाला ६० दिवस श्वास घ्यायची सवलत पण आहे, तेवढ्यात वसुली करायची नाही आणि त्या कर्जावर व्याज दंड लावायचा नाही, फक्त चालू भाडं भरत रहायचं. तिकडे पण सगळं चांगलं आहे असं नाही. सरकारी भत्ता नव्यानं सुरू झाला की पहिला पैसा हातात यायला पाच आठवडे लागतात आणि तिथंच पुष्कळ लोकांचं पहिलं भाडं थकतं, त्या बाईचं तसंच झालं होतं. पण तिला थकबाकीचा पहिला फोन आला तेव्हा ती तीनच आठवडे मागे होती. तीन आठवडे! मला पाच वर्षांनी कळलं.

त्यांच्याएवढा पैसा आपल्या पालिकेकडे नाही हे मला कळतं. पण मी जे मागते त्याला पैसा लागत नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येक खोलीला एक चिठ्ठी द्या, तुमचं भाडं एवढं, जमा एवढं, बाकी एवढी. पाणीपट्टीची बिलं वाटायला माणूस येतोच की दारावर, त्याच्याच पिशवीत टाका. मोबाईलवर मेसेज पाठवा, आता घरपट्टीचा येतो तसा. भाडं वाढवलं तर ज्या दिवशी वाढलं त्या महिन्यात लेखी कळवा आणि सही घ्या. हप्त्याची सोय कोणाच्या ओळखीनं मिळू नये, खिडकीवर बोर्ड लावा की दोन महिने थकले तर इथं अर्ज करा. घरपट्टीला अभय योजना येते, शास्ती माफ होते, बंगलेवाले त्याचा फायदा घेतात, घेऊ देत, पण चाळीतल्या भाड्याला ती योजना आमच्यापर्यंत कधी आली नाही, तिथं पण लावा. आणि वसुलीचं शिबिर मार्च एंडला न लावता दिवाळीनंतर लावा, कापूस घरात आलेला असतो, मजुराच्या हातात दोन पैसे असतात, आमच्याकडे लग्नसराईची शिलाई सुरू झालेली असते. मार्चमध्ये आमच्याकडे काय असतं? परीक्षा फी आणि पाण्याच्या टँकरचे पैसे.

चाळीत असे पण काही लोक आहेत ज्यांनी खोली दुसऱ्याला दोन अडीच हजारांनी देऊन ठेवली आहे, स्वतः दुसरीकडे स्लॅबच्या घरात राहतात आणि पालिकेचे ९०० पण भरत नाहीत. त्यांच्यावर कारवाई करा, आज करा, आम्ही चाळीतले लोक आडवे येणार नाही. पण त्यांच्या आणि पाय मोडून घरी बसलेल्या माणसाच्या दारावर एकाच मजकुराची नोटीस चिकटवू नका. एकदा येऊन बघा, खोलीत कोण राहतंय ते पाच मिनिटांत कळतं.

आता आमच्या ओळीत ११ घरांना नव्या नोटिसा आल्या आहेत. रविवारी मी सगळ्यांना आमच्या ओट्यावर बोलावलं होतं, म्हटलं पावत्या आणा, असतील तेवढ्या. कोणी प्लास्टिकच्या पिशवीत आणल्या, कोणी पोथीत ठेवलेल्या, एका आजींनी पदराच्या गाठीत बांधून आणल्या, त्यांच्यावरची शाई उडालेली. पोरानं वहीत सगळ्यांचे महिने मांडले. ११ पैकी ६ जणांचे रजिस्टरमध्ये नसलेले महिने सापडले, आणि वाढलेलं भाडं माहिती होतं असं एकानं पण म्हटलं नाही. दोन घरांत पावतीच नाही, त्यांच्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय. सगळ्यांची सुनावणी येत्या गुरुवारपासून आहे, रोज तीन घरं.

संपादक साहेब, हे पत्र गुरुवारच्या आधी छापता आलं तर फार उपकार होतील. दुसऱ्या चाळींमध्ये पण नोटिसा गेल्यात, त्यांना डबे पिशव्या शोधायला चार दिवस मिळतील. माझं नाव छापू नये ही विनंती.

आपली नम्र,
पालिकेच्या चाळीतली एक भाडेकरू